करायला गेलो गणपती: भंगारातून जमवलेल्या तीनरंगी लेझर प्रोजेक्टरचे अकरा महिने

"मामा, हा गणपती आहे की मारुती?"

७ सप्टेंबर २०२४ ला, गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, घरातले सगळे आरतीला उभे असताना भाचीने हे विचारलं. मखरामागच्या पांढऱ्या भिंतीवर माझा प्रोजेक्टर गणपतीची रेखाकृती काढत होता. सोंड झकास आली होती, मोदक ओळखू येत होता, कान सुपासारखे. पण डाव्या कानापासून निघून पार पायाखाली उतरणारी एक हिरवी रेघ होती आणि ती मी काढलेली नव्हती. तीन महिने खपून, बोटं भाजून घेऊन जे यंत्र उभं केलं, त्याने बाप्पाला शेपूट फोडलं. आईने "सुखकर्ता" सुरू केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

हे लिहितोय तेव्हा जुलै २०२५ चालू आहे. यंत्र वापरात येऊन अकरा महिने होतील. गॅल्व्हो म्हणजे किरणाला आडवा-उभा पळवणारे चिमुकले आरसे, आणि डायक्रोइक म्हणजे एक रंग परतवून दुसरा आरपार सोडणारा, तिन्ही किरण एकत्र आणणारा आरसा; यापलीकडे इथे सांगत बसत नाही. ज्याला हे करायचंय त्याला ते माहीत असतं. मी सांगणार आहे ते वापरून काय झालं, आणि मुख्य म्हणजे त्या शेपटाचं काय झालं.

आधी हिशोब, कारण किंमत कळल्याशिवाय मला कशाचंही कौतुक करता येत नाही. गॅल्व्होची जोडी, तिचा ड्रायव्हर बोर्ड आणि ५३२ नॅनोमीटरचा (ही उजेडाची तरंगलांबी, तिच्यावरून रंग ठरतो) हिरवा लेझर, हे तिन्ही एका डेकोरेटरच्या मेलेल्या स्टेज लाइटमधून मिळालं. मिरवणुकीतल्या पावसात त्याचा पॉवर सप्लाय जळला होता, बाकी अवयव शाबूत. १,८०० रुपये. लाल डायोड (लेझरचा उजेड देणारा चिमुकला भाग) डीव्हीडी रायटरमधला, ६६० चा. जुन्या बाजारात रविवारी ६० रुपयांना एक, असे तीन रायटर उचलले. निळे ४४५ चे दोन डायोड एका प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडून ९०० ला. कॅसिओने २०१० मध्ये दिव्याऐवजी लेझर असलेले प्रोजेक्टर काढले, त्यांच्यात हे डायोड चोवीसच्या चोवीस ओळीने बसलेले असायचे. त्यातले काही मेले तरी बाकीचे जिवंत निघतात. डायक्रोइक आरशांसाठी जुन्या एलसीडी प्रोजेक्टरचा अख्खा सांगाडा ४०० ला. लॅपटॉपमधलं चित्र गॅल्व्होपर्यंत आणि लेझरपर्यंत पोचवायला यूएसबी साउंड कार्ड ६५०. गॅल्व्होसाठी अधिक-उणे व्होल्टेज देणारा सप्लाय पुण्याच्या तापकीर गल्लीतून १,१००. अ‍ॅल्युमिनियमची जाड पाटी, लेन्स, स्क्रू, स्प्रिंगा असं चिल्लर सामान १,३००. आणि चष्मे २,६००. बेरीज ८,९३०.

चष्म्यांना एवढे पैसे देताना जीव खालीवर झाला होता हे कबूल. सगळ्या यंत्रातली सगळ्यात महागडी वस्तू, आणि ती यंत्रात नाहीच, माझ्या नाकावर. पण इथे काटकसर करू नका. हिरव्या-निळ्याला अडवणारा नारिंगी चष्मा लाल किरण सरळ आत सोडतो, म्हणून दोन लागतात. शिवाय तीनही रंग अडवणारा चष्मा घातला तर जुळवणी करताना दिसणार काय? मी एका वेळी एकच रंग, अगदी मंद ठेवून, त्या रंगाचा चष्मा लावून जुळवतो. निळा पूर्ण ताकदीने एक वॉटच्या आसपास जातो. डोळ्याची पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि या ताकदीला पाव सेकंद म्हणजे पुष्कळ झाला. ज्यांना २,६०० जास्त वाटतात त्यांनी हा उद्योगच करू नये.

लाल रंगाबद्दल थोडक्यात. तीन रायटर घेतले कारण दोन डायोड मारले. पहिला अगदी मूर्खपणाने: एलएम३१७ या व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपवर साधा स्थिर करंटचा ड्रायव्हर केला होता, ५ ओमचा रोध, म्हणजे चिपचे १.२५ व्होल्ट भागिले ५, २५० मिलीअँपिअर. आकडा बरोबर, सर्किट बरोबर. पण ड्रायव्हर चालू ठेवून मग डायोडची वायर टेकवली. आउटपुटचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरून बसलेला होता, तो एका दमात डायोडमध्ये रिकामा झाला. डायोड जळत नाही हो अशा वेळी. तो लाजत लाजत तांबडा उजेड देत राहतो. आमच्यात म्हणतात, "एलईडी झाला." दुसरा स्थिर विजेने गेला, पॉलिस्टरचा शर्ट घालून बसलो होतो. तिसऱ्या वेळी सुती बनियन, मनगटाला अर्थिंगची वायर, आणि कपॅसिटर आधी शॉर्ट करून. तो अजून जिवंत आहे. नंतर एलएम३१७ काढून ऑप-अँप आणि मॉसफेट या चपळ भागांचा ड्रायव्हर केला, कारण रंग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा तर एलएम३१७ च्या आवाक्यातलं ते काम नाही.

साउंड कार्डाचं काम सोपं होतं आणि छान झालं. आठ चॅनल, त्यातले पाच वापरात: आडवा, उभा, लाल, हिरवा, निळा. आउटपुटला जे कपॅसिटर डीसी, म्हणजे न बदलणारं व्होल्टेज, अडवतात ते काढून तिथे सरळ तार जोडायची. ते राहू दिले तर चित्र सारखं मध्याकडे घरंगळतं आणि स्थिर रंग टिकत नाही. दीड तासाचं काम. अकरा महिन्यांत कुरकुर नाही.

आता ज्याचं मला स्वतःला फार कौतुक आहे ते. गॅल्व्हो अडकला किंवा लॅपटॉप गोठला, तर जो किरण भिंतभर पळतो तो एका ठिपक्यावर उभा राहतो. तेव्हा किरण अडवायला झडप हवी. विकतची झडप परवडत नव्हती. कपाटात मेलेली ८० जीबीची हार्ड डिस्क होती. तिचं झाकण उघडलं, तबकड्या काढल्या, हेडचा दांडा ठेवला. दांड्याच्या टोकाला काळा रंग दिलेला पत्र्याचा नखाएवढा तुकडा चिकटवला आणि बॉलपेनातली स्प्रिंग अशी लावली की करंट नसेल तेव्हा पत्रा किरणाच्या वाटेत येऊन बसतो. गॅल्व्होच्या जागेचा सिग्नल हलायचा थांबला की छोटं सर्किट करंट तोडतं आणि "टक्" असा आवाज होतो. एवढा समाधानी आवाज मी विकतच्या कुठल्याही वस्तूतून ऐकलेला नाही. खर्च शून्य. पाहुणे आले की चित्र राहतं बाजूला, मी आधी लॅपटॉपची केबल उपटून झडप पडताना दाखवतो. बायको म्हणते, "झालं तुमचं टक्?"

असो. हिरवा.

हिरवा हा या यंत्राचा प्राण आणि हिरवाच याचा शनी. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात तीक्ष्ण असतो. ५३२ ला त्याच्या साधारण ८८ टक्के दिसतं, ६६० ला जेमतेम ६ टक्के, ४४५ ला ३. म्हणजे माझा २०० मिलीवॉटचा लाल डोळ्याला १२ सारखा, आणि स्टेज लाइटमधला १०० मिलीवॉटचा हिरवा ८८ सारखा. पांढरा रंग हवा तर हिरव्याला दाबून पाव ताकदीवर आणावं लागतं. इथेच सगळं बिनसलं. ५३२ चा हिरवा मुळात हिरवा नसतोच. आत ८०८ चा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) डायोड असतो, तो एका स्फटिकाला पेटवतो, त्यातून १०६४ निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची लांबी अर्धी करून ५३२ देतो. तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब. पूर्ण ताकदीवर सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. पाव ताकदीवर आणलं की प्रत्येकाचं वेगळं. चालू कर म्हटलं की काही क्षण गप्प, मग एकदम उसळी; बंद कर म्हटलं तर त्या स्वस्त ड्रायव्हरमुळे रेंगाळतो. त्यात गॅल्व्हो कानापासून पायाकडे उडी मारतो, लाल-निळा वेळेवर विझतात आणि हिरवा मागे ओढला जातो. हेच ते शेपूट. उलट रेघ सुरू होते तिथे हिरवा उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक पांढऱ्या रेघेचं डोकं जांभळं.

सॉफ्टवेअरमध्ये मी हिरव्या चॅनलला वेगळं पुढेमागे सरकवलं. गणपतीच्या दहा दिवसांत चार वेळा. दुपारी ३१ अंशांना जुळवलेलं रात्री २५ ला बिघडायचं. पाचव्या दिवशी, गौरींच्या धांदलीत, मी मखरामागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आडवा पडलेलो आणि वरून हळदीकुंकवाच्या बायका विचारतायत, "भावजी, लाइट गेलेत का?"

तरीही तेव्हा माझं मत असं होतं की १,८०० रुपयांत गॅल्व्होसह हिरवा मिळाला म्हणजे फुकटातच पडला, थोडं सांभाळून घेऊ. वहीत तसं लिहिलंही आहे: "सौदा उत्तम." ते मी ३१ डिसेंबरच्या रात्री मागे घेतलं.

त्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर "२०२५" लिहायचं ठरलं होतं. खालून तीस-चाळीस माणसं वर आलेली. थर्मामीटर १४ दाखवत होता. बारा वाजले, मी बटण दाबलं, आणि पांढऱ्याऐवजी भडक जांभळं "२०२५" आलं. हिरवा गायब. ८०८ चा डायोड गार पडला की त्याची तरंगलांबी दर अंशाला ०.३ नॅनोमीटरने खाली सरकते. ३० वरून १४ म्हणजे जवळपास ५ नॅनोमीटरचा फरक. स्फटिक तेवढ्या लांबचा उजेड गिळायला तयार नाही. हे मला पुस्तकी माहीत होतं. गच्चीवर उभं राहून कळलं तो भाग वेगळा. शेवटी बायकोने घरातून हेअर ड्रायर आणला, मी हिरव्याच्या डबीवर गरम हवा सोडली, आणि चार मिनिटांनी "२०२५" पांढरं झालं. तोवर निम्मी माणसं केक खायला खाली गेली होती. शेजारच्या काकांनी जाताना पाठीवर थाप मारली, "छान आहे हो, सर्दी झाली की वाफ द्यायची."

जानेवारीत डबीला चिकटून छोटा तापणारा रोध आणि थर्मोस्टॅट बसवला. गारठ्याचा प्रश्न मिटला, शेपूट तसंच. तेव्हा नाक मुठीत धरून नवीन घ्यायचं ठरवलं: थेट हिरवा उजेड देणारा ५२० चा डायोड. यात स्फटिक नाहीत, मधले नातेवाईक नाहीत. करंट दिला की उजेड, काढला की अंधार. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून २,१५० ला मॉड्यूल मागवलं. डबीवर ठळक "५२०".

लावलं. शेपूट जागच्या जागी.

माझा पहिला संशय माझ्यावरच. दोन रात्री ड्रायव्हर तपासण्यात गेल्या. तिसऱ्या रात्री डोकं चाललं: उजेडच मोजू ना. मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडलं, किरण अगदी मंद करून त्यातून बरोब्बर १ मीटरवरच्या जुन्या सीडीवर सोडला. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, त्यामुळे तिच्यावरून परतलेला उजेड रंगाप्रमाणे ठरलेल्या कोनातच पडतो. ५३२ चा ठिपका भोकापासून ३५.३ सेंटीमीटरवर पडायला हवा, ५२० चा ३४.४ वर. नऊ मिलीमीटरचा फरक, शाळेच्या पट्टीनेसुद्धा कळतो. खात्रीसाठी आधी जुना स्टेज लाइटचा हिरवा लावला, कारण ५३२ हा आकडा स्फटिक ठरवतो, तो बदलत नाही. पेन्सिलने खूण केली. मग नवा "५२०" लावला. ठिपका त्याच खुणेवर. केसाचा फरक नाही.

मग जुन्या वेबकॅममधला अवरक्त अडवणारा फिल्टर काढला आणि पुठ्ठ्याकडे रोखला. ५८ सेंटीमीटरच्या थोडं पुढे, साध्या डोळ्यांना काहीच दिसत नसलेल्या जागी, पडद्यावर पांढरा ठिपका. ८०८. थेट डायोडमध्ये हा असूच शकत नाही. म्हणजे मला माझ्याकडे आधीच असलेली वस्तू नव्या डबीत घालून विकली होती, वर अवरक्तही न गाळता. (अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने २०१० मध्ये स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून निघणाऱ्या याच अवरक्ताबद्दल सावध केलं होतं, आणि घरी तपासायला सीडी-वेबकॅमचीच युक्ती सांगितली होती. मी काही नवा शोध लावलेला नाही.)

यापुढची सतरा दिवसांची हकिकत रक्तदाबासाठी चांगली नाही. मी पुठ्ठ्याचे फोटो पाठवले, पट्टी धरून. उत्तर: "साहेब, हिरवा तो हिरवाच ना?" मी गणित लिहून पाठवलं. उत्तर: "डबीवर ५२० आहे म्हणजे ५२०." मी म्हटलं, अहो मग डबीच प्रोजेक्टरला लावतो, आतलं परत घ्या. शेवटी १,५०० परत आले, ६५० "हाताळणी खर्च" म्हणून कापून. माल परत पाठवायचं कुरिअर त्यांच्याकडून, एवढीच मेहेरबानी. ते ६५० रुपये मी अजून विसरलेलो नाही. ८,९३० च्या यंत्रापेक्षा त्या ६५० चा विचार मी जास्त केला असेल.

आणि मग हिरवा आला तो भंगारातूनच. आमच्या बाथरूमची फरशी बदलायला जे कारागीर येतात, त्यांचं हिरव्या रेघा मारणारं लेव्हलचं यंत्र तिसऱ्या मजल्यावरून पडलं होतं. आतला लंबक तुटलेला, दुरुस्तीवाल्याने हात वर केलेले. मी त्यांना विचारलं, "दादा, टाकणार असाल तर मला द्या." ते म्हणाले, "घेऊन जा की, पण मिसळ खायला घाला." दोन मिसळ, जादा पाव, ताक: २४० रुपये. लेव्हलमध्ये रेघ पाडणारी काचेची कांडी असते ती काढली की मागे पितळी नळीत डायोड. ५ व्होल्टवर पेटेना, तेव्हा पोटात गोळा आला. मग आठवलं की थेट हिरव्याला सहाच्या आसपास लागतात. सप्लाय वाढवला. सीडीसमोर धरला. ३४ सेंटीमीटर ४ मिलीमीटर. रात्री पावणेबारा वाजता मी एकटाच हसलो.

ताकद किती? स्टेज लाइटच्या मानाने काहीच नाही, ३० मिलीवॉट असेल-नसेल. पण गंमत बघा: ५२० ला डोळा ७१ टक्के बघतो, ३० चे झाले २१. समोर लाल १२ चा. पांढऱ्यासाठी एवढंच पाहिजे होतं. निळ्याला तर ६० मिलीवॉटच्या आसपास आणून ठेवलाय, एक वॉटचा डायोड म्हणजे दुधासाठी टँकर. इतके दिवस मी १०० मिलीवॉटच्या पहिलवानाला कुबड काढून उभा करत होतो, आणि तो वाकडा उभा राहतो म्हणून त्यालाच बोल लावत होतो.

शेपूट गेलं. पूर्ण. रेघ जिथे थांबवायची तिथे थांबते. १२ एप्रिलला हनुमान जयंतीला भाचीने मुद्दाम मारुती काढायला लावला, तेव्हा शेपटीचे ४६ पॉइंट मला एकेक करून बसवावे लागले.

हे सगळं घरातल्या नाहीतर गच्चीवरच्या भिंतीवर, माणसांच्या डोक्यावरून, आरशाची दिशा स्क्रूने पक्की करून. मंडळातल्या पोरांनी दोनदा मागितलं, दिलं नाही. २०२३ च्या मिरवणुकांनंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, आणि २०२४ ला पुण्यात पोलिसांनी गर्दीवर लेझर मारायला बंदीच घातली. बंदी नसती तरी दिलं नसतं. माझी झडप चांगली आहे, पण ती एक हार्ड डिस्क आणि एक बॉलपेनची स्प्रिंग आहे.

सध्याच्या तक्रारी दोन. पावसाळ्यात डायक्रोइकवर दमट पुटं चढतात, म्हणून बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या सहा पुड्या आत टाकल्यात. महिन्याला तव्यावर गरम करून परत ठेवायच्या. दुसरी, हिरवा सुधारल्यापासून लाल फिका वाटायला लागलाय. ६३८ चा डायोड त्याच ताकदीला तिप्पट उजळ दिसतो. किंमत बघितली, तीन वेळा टोपलीत टाकला, तीन वेळा काढला. २७ ऑगस्टला गणपती आहेत. जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, लेझरचा एखादा मेलेला प्रोजेक्टर आला तर फोन कर म्हणून. त्याने नंबर पाटीवर खडूने लिहून घेतलाय, आणि परवापासून पाऊस लागलाय.